चौदा नंबरची नळी

अग्निशमन दलाच्या शेडमधून लाल बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि ब्रूकहागेनची सगळी जनता, म्हणजे मोजून एकतीस माणसं, हाताची घडी घालून बसली होती. समोर हाम बाई उभ्या होत्या. दलदल पुन्हा जिवंत करायच्या प्रकल्पाच्या त्या प्रमुख. वय पस्तिशीचं, गुडघ्यापर्यंत बूट, बुटांना ओला चिखल. ब्रुसेल्सला कायदा झाला होता, की माणसानं सुकवलेल्या दलदलींपैकी काही पुन्हा ओल्या करायच्या. सुकलेली काळी माती हवा लागून कुजत राहते आणि जगाचा ताप वाढवते, हे बाईंनी फार नीट समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"पन्नास वर्षांपूर्वी असाच एक जण बर्लिनहून आला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याच्या बुटांनाही असाच चिखल होता. तो म्हणाला होता, सुकवा."

लोक हसले. हाम बाईही हसल्या. एवाल्ड टेश मात्र हसला नाही, कारण प्रत्यक्ष सुकवणारा तो स्वतः होता. ब्रिगेडचा, म्हणजे कामगारांच्या तुकडीचा, नायक म्हणून सत्ताविसाव्या वर्षी त्यानं या खोऱ्यात पाण्याच्या निचऱ्यासाठी भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या होत्या, मैलच्या मैल. मग बर्लिनची भिंत पडली, पूर्व जर्मनी हा देश नकाशातून गेला, ब्रिगेड गेली, सामुदायिक शेती गेली. आता शहाणी माणसं येऊन सांगत होती की ते सगळं कामच मुळात चूक होतं. एवाल्डचं त्यावर एकच उत्तर असायचं: चुकीचं म्हणा, पण कच्चं म्हणू नका.

पहिल्या रांगेतून ट्राउडेल उठली. सीगमार वेन्डॉर्फची विधवा, बहात्तर वर्षांची, आवाज अजून खणखणीत. सखल गल्लीतल्या पाच घरांपैकी एकाच घरात आता दिवा लागायचा, तो तिच्या. "बाई, तुमचे बगळे येऊ द्यात, बेडूक येऊ द्यात, माझी ना नाही. पण माझ्या तळघरात बटाटे आहेत, घर तापवायच्या तेलाची टाकी आहे. तिथं बेडूक आले तर मी तुमच्या ऑफिसात राहायला येईन."

"यायची वेळ येणार नाही, फ्राउ वेन्डॉर्फ." हाम बाईंनी जुना निळा नकाशा भिंतीवर लावला. "मोठा चर आम्ही बंद करू, पंप बंद करू, दलदलीतलं पाणी चढेल. पण तुमच्या घरामागून ही चौदा नंबरची नळी जाते. तीनशे चाळीस मीटर, सप्टेंबर एकोणीसशे शहात्तर. दलदलीतून झिरपणारं पाणी ती अडवून बांधाखालच्या ओढ्यात सोडेल. सगळा हिशेब हिच्यावर मांडलाय." मग त्या वळल्या. "हेर टेश, ही तुमच्या ब्रिगेडनं घातली. अजून धड असेल?"

तीस वर्षांत असं कुणी त्याला विचारलं नव्हतं. अख्खी शेड त्याच्याकडे बघत होती, आणि बघण्यात चेष्टा नव्हती. एवाल्डला आपली पाठ आपोआप ताठ झाल्याचं जाणवलं.

"आमचं काम आहे, बाई," तो म्हणाला. "मी मेल्यावरही चालेल."

"एवाल्ड म्हणतोय ना, मग झालं तर," ट्राउडेल म्हणाली. "माझ्या सीगमारनं यंत्र चालवून घातलीय ती. कुठंय तुमचा संमतीचा कागद?" आणि तिनं उभ्या उभ्या सही ठोकली.

चौदा नंबरची नळी जमिनीत नव्हती. कधीच नव्हती.

त्या वर्षी सात ऑक्टोबरच्या प्रजासत्ताक दिनापर्यंत सात किलोमीटर नळ्या पुरायचं लक्ष्य होतं. सप्टेंबरभर पाऊस लागला. चर खणायच्या यंत्राची साखळी तुटली आणि नवी येता येईना. तीन ऑक्टोबरला तपासनीस येणार होता. त्या काळात यावर सगळीकडे एकच उपाय होता, आणि त्यात कुणाला फारसं पाप वाटायचं नाही: कागदावर आधी घालायचं, जमिनीत सवडीनं. एवाल्डनं नळीचं सिमेंटचं तोंड बांधून घेतलं, त्याच्यामागे तीन नळ्या बसवल्या, वर माती ओढली. तपासनीस तोंडापाशी वाकला, आत बघितलं, समाधानानं मान हलवली. ब्रिगेडला झेंडा मिळाला, एवाल्डला छातीवर लावायचं पदक.

एकटा सीगमार अडून बसला होता. "अरे, माझ्याच घरामागून जाते ती. चार दिवस दे, आपण सगळे मिळून फावड्यानं घालू."

"चार दिवस कुठून आणू? वसंतात घालू. आणि घरी बोलू नकोस. ट्राउडेलच्या पोटात गोष्ट राहत नाही."

सीगमार त्याचा मित्र होता आणि एवाल्ड त्याचा नायक. त्यानं यंत्रचालक म्हणून सही केली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की चौदा नंबर झाली. वसंतात ब्रिगेडला दुसऱ्या खोऱ्यात पाठवलं. तळघर कोरडंच राहिलं, कारण मोठ्या चराचा पंप रात्रंदिवस पाणी ओढत होता. नळीची आठवण काढायचं कुणाला कारणच उरलं नाही. अठ्ठ्याण्णव साली सीगमार हृदयविकारानं गेला. आता जिवंत माणसांत ही गोष्ट ठाऊक असणारा एवाल्ड एकटाच होता.

सभेनंतर दुसऱ्याच दिवशी बाईंना फोन करायचा, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नाही केला. नंतरच्या आठवड्यातही नाही. फोन केला नाही की तो न करणं दिवसागणिक जड होत जातं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. जूनमध्ये हाम बाई स्वतःच आल्या, तारेला लावलेला कॅमेरा घेऊन. सिमेंटचं तोंड शेवाळलेलं पण शाबूत होतं. कॅमेरा आत गेला, मीटरभर सरकला आणि काळ्या मातीला जाऊन टेकला.

"बुजलीय वाटतं," बाई म्हणाल्या.

आत्ता सांग, एवाल्ड स्वतःला म्हणाला. उन्हं होती, वारा होता, दोघंच होते; यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती.

"गाळ आहे," तो म्हणाला. "मुळं शिरली असतील. मी मोकळी करून देतो. या नळ्यांची नस मला माहीत आहे."

बाईंनी कृतज्ञतेनं त्याचा हात हातात घेतला. त्यांच्याकडे माणसं तीन आणि दलदली सात होत्या. त्यांनी अहवालात लिहिलं: देखभाल स्थानिक अनुभवी व्यक्तीकडे.

ऑक्टोबरमध्ये पंप बंद झाला. पन्नास वर्षं कानाला सवय झालेली ती घरघर थांबली, तेव्हा गावातल्या कुत्र्यांनीसुद्धा अर्धा दिवस अस्वस्थ होऊन भुंकून घेतलं. मोठ्या चरात लाकडी फळ्यांचा बांध बसला आणि पाणी बोटाबोटानं चढू लागलं. महिन्याभरात गवताळ रानात आभाळ दिसायला लागलं. करकोचे उतरले, मग रानहंस. बघायला शहरातून माणसं यायची आणि गळ्यात दुर्बिणी अडकवून खुळ्यासारखी हसत उभी राहायची. सुंदर होतं ते, एवाल्डही नाकारत नव्हता. त्याची नजर मात्र सखल गल्लीकडे जायची.

शेवटी त्यानं ठरवलं, नळी घालायची. पन्नास वर्षांनी का होईना. शेजारच्या गावच्या दुकानातून पिवळ्या प्लास्टिकच्या भोकं असलेल्या नळ्या आणल्या, कुणाला दिसू नयेत म्हणून गोणपाटाखाली झाकल्या, गोठ्यातून चराचं अरुंद फावडं काढलं, आणि नोव्हेंबरच्या धुक्यात ट्राउडेलच्या कुंपणामागे खणायला लागला. वय शहात्तर. गुडघा एक नकली. जाणता माणूस दिवसाला वीस मीटर खणतो. एवाल्डचा दीड मीटर व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला अर्धा ढासळलेला असायचा. ओल्या काळ्या मातीला भिंत धरवत नाही. खणलेलं आत सरकत येतं.

पहिल्याच दिवशी ट्राउडेलनं त्याला बघितलं.

"हे काय रे म्हाताऱ्या? स्वतःसाठी खणतोयस की काय?"

"गाळ काढतोय. नळीतला."

"एकटाच? त्या ऑफिसातल्या पोरांना दुर्बिणीतून बगळेच दिसतात वाटतं!" ती आत गेली आणि कॉफीचा थर्मास, आलुबुखाराचा केक घेऊन आली. मग रोजच आणू लागली. कुंपणाला टेकून बोलत बसायची. "सीगमार आत्ता असता तर तुझ्या जोडीनं उतरला असता बघ. जिवाभावाचे होतात तुम्ही. मला म्हणायचा, एवाल्ड अर्धवट काम करणारा नाही."

एवाल्डला केक नकोसा व्हायचा. तरी तो खायचा, नाही खाल्लं तर ती विचारेल म्हणून.

डिसेंबरच्या मध्यावर जमीन गोठली. तोवर अकरा मीटर झाले होते. आधीच्या तीन नळ्यांचा मीटरभर धरून उरले तीनशे अठ्ठावीस.

जानेवारीत ट्राउडेलच्या तळघराच्या कोपऱ्यात बोटभर पाणी दिसलं. तिनं ते फडक्यानं टिपलं. हाम बाईंच्या ऑफिसातून विचारणा आली तर हिनंच त्यांना दटावलं, की एवाल्ड नळी साफ करतोय, जरा धीर धरा, गोठलेल्या जमिनीत कोण खणेल? पण अग्निशमन दलाचा प्रमुख डेटलेफ वेगळंच सांगून गेला होता. तळघरात गुडघाभर पाणी आलं तर तेलाची टाकी वर उचलली जाईल, नळ तुटेल आणि तेल घरभर होईल. टाकी रिकामी करून घ्या, नाहीतर फरशीला जखडून घ्या, आणि चार दिवस गावात कुणाकडे तरी जा.

"तू सांग," ट्राउडेलनं एवाल्डला स्वयंपाकघरात बसवून विचारलं. "टाकी रिकामी करायची म्हणजे शेगडी बंद. या थंडीत परक्याच्या सोफ्यावर मी नाही झोपायची. डेटलेफ पोरगं आहे, घाबरट आहे. तुझ्या शब्दावर मी चालते. नळी काम करते ना?"

त्या दिवशी एवाल्ड सांगायलाच आला होता. घरून निघताना आरशासमोर शब्द जुळवून आला होता. पण ट्राउडेलनं वाडग्यात सूप वाढलं, त्याच्या बाजूला सीगमारचा पेला ठेवला, काकडीच्या बरणीचं झाकण त्याला उघडायला दिलं. सांगितलं तर या टेबलावर उद्यापासून आपल्याला जागा नाही, एवढंच त्याला दिसलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा हॅम्बुर्गहून नाताळला फोन करायचा. दुसरं टेबल त्याला नव्हतं.

"टाकी बांधून घे," तो म्हणाला. "घेतलेली बरी."

"म्हणजे नळी काम करत नाही?"

"करते. तसं नाही."

"मग कशाला माझा जीव खातोस? टाकीवाला मार्चमध्ये येणारच आहे, तेव्हा बांधेल." आणि तिनं त्याला अजून सूप वाढलं.

महिनाअखेर एकाएकी ऊब आली. बर्फ वितळलं, वर दोन दिवस पाऊस. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ट्राउडेल बटाटे आणायला तळघराचा जिना उतरली, तेव्हा टाकी काळ्या पाण्यावर आडवी तरंगत होती आणि तुटलेल्या नळातून तेल वाहत होतं. वाफेनं तिला भोवळ आली आणि ती पायरीवरून खाली गेली. हाक ऐकून पोस्टवाल्यानं डेटलेफला बोलावलं म्हणून ती वाचली. खुब्याचं हाड मोडलं. तेल भिंतीत मुरलं, फरशीत मुरलं, मागच्या दारातून नव्या पाण्यावर पसरलं. हाम बाई किनाऱ्यावर तेलकट पंखांचा एक हंस कुशीत घेऊन बसल्या होत्या आणि उघड उघड रडत होत्या. एवाल्ड हे सगळं कुंपणामागे, आपल्या अकरा मीटरांवर उभा राहून बघत होता.

घर राहण्याजोगं उरलं नाही, असा निकाल आला. पाडायचं.

नळी का चालली नाही हे बघायला मार्चमध्ये खणायचं यंत्र आणलं. सगळं गाव जमलं. ट्राउडेलला वृद्धाश्रमाच्या गाडीतून आणलं होतं, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी. सिमेंटच्या तोंडामागे तीन मातीच्या नळ्या निघाल्या. पुढे अकरा मीटर नवीकोरी पिवळी नळी. आणि त्यापुढे कुणीही कधी हात न लावलेली काळी माती, थरावर थर, आल्डरच्या झाडांची जुनी मुळं आरपार. यंत्र चाळीस मीटर गेलं, साठ मीटर गेलं. मग हाम बाईंनी हात वर करून ते थांबवलं.

त्यांनी फाइलमधून जुना कागद काढला. खाली दोन सह्या. यंत्रचालक सीगमार वेन्डॉर्फ. नायक एवाल्ड टेश.

"हेर टेश?" एवढंच म्हणाल्या त्या.

एवाल्डनं तोंड उघडलं. पण ट्राउडेलचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. ती त्या पिवळ्या नळीकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा पडला.

"खणताना कळलं तुला," ती म्हणाली. "हो ना, एवाल्ड? आत काहीच नाही, हे तुला तेव्हा कळलं. आणि मला कळू नये म्हणून तू एकटा घालत बसलास. थंडीत. त्या गुडघ्यानं." ती हाम बाईंकडे वळली. "यानं सही केली ती माझ्या नवऱ्याच्या शब्दावर. मी तुमच्या कागदावर केली तशीच. त्यानं आम्हाला दोघांनाही फसवलं."

गर्दीतून हळहळ उमटली. डेटलेफनं येऊन एवाल्डच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली एवाल्ड उभा राहिला, आणि बोलायची तीही वेळ गेली.

चार दिवस त्याला झोप नाही. पाचव्या दिवशी तो शहरातल्या वृद्धाश्रमात गेला, तिच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि टोपी हातात धरून उभ्यानंच सगळं सांगितलं. साखळी तुटली ते, तपासनीस आला ते, सीगमार चार दिवस मागत होता ते. जूनमधला कॅमेरा. जानेवारीतलं सूप. काही मागे ठेवलं नाही. सांगताना त्याला रडू फुटलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

ट्राउडेलनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बस," ती म्हणाली. "बस आधी, पडशील." मग तिनं त्याच्या हातातली टोपी काढून घेतली. "तू चांगला माणूस आहेस, एवाल्ड. पण मेलेल्याला वाचवायला एवढं खोटं बोलू नये. तुला जमतही नाही ते."

"ट्राउडेल, खरं सांगतोय मी! मी करायला लावलं त्याला. घरी बोलू नकोस म्हणूनही मीच सांगितलं."

"त्या संध्याकाळी तो घरी आला, हात धुतले, टेबलाशी बसला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, ट्राउडेल, चौदा नंबर झाली, आता तुझं तळघर कोरडं. हसला वर. तू होतास तिथं? मी होते. बावीस वर्षं त्याच्याशेजारी झोपले त्यानंतर मी, आणि एकदाही बोलला नाही. तू तर पाण्यात उभा राहून बोटं फोडून घेतलीस. कोण माझा होता, ते माझं मला कळतं."

त्यानं पुन्हा सांगितलं. पदकाची शपथ घेतली, मेलेल्या बायकोची घेतली. ती लहान मुलाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर ज्याच्या तोंडून खोटं ऐकलं नाही असा माणूस, अशी त्याची गावात कीर्ती होती, आणि आज खरं बोलताना ती कामी येत नव्हती.

"एक काम कर माझं," शेवटी ती म्हणाली. "गाडी आणलीयस ना?"

दफनभूमीत सीगमारच्या थडग्यावरचा दगड नवराबायकोच्या जोडीचा होता. डावीकडे त्याचं नाव आणि दोन तारखा. उजवीकडे तिचं नाव, जन्मतारीख, आणि पुढे मोकळी जागा. दगड कोरणाऱ्याला तिनं आधीच फोन करून बोलावलं होतं. एवाल्डनं खुर्ची ढकलत आणली, चाकं खडीत रुतत होती.

"बाई, नक्की?" कारागिरानं विचारलं. "घासून काढलं की परत नाही होत."

"माझ्या बाजूचं सगळं काढा. मला इथल्या लोकांनी भिंतीकडच्या ओळीत वेगळी जागा दिलीय. एकटीला."

"ट्राउडेल, नको," एवाल्ड म्हणाला. "त्यानं काही केलं नाही गं. मी केलं. मी."

"हो रे, हो," ती त्याच्या हातावर थोपटत म्हणाली, आणि कारागिराला खुणेनं सांगितलं, की करा सुरू.

यंत्र कर्कश ओरडत सुरू झालं आणि तिच्या नावावरून पांढरी धूळ उडाली. ट्राउडेलनं मान फिरवून तोंड एवाल्डच्या कोटात लपवलं. आधाराला धरायला तिच्याजवळ दुसरं कुणी उरलं नव्हतं.